बॉबल टाका: सपाट विणीतून वर येणारे गोळे

क्रोशाच्या उठावदार टाक्यांमध्ये बॉबल सगळ्यांत आधी शिकावा, असं माझं ठाम मत आहे. त्यासाठी नवं असं फारसं काही लागत नाही. साखळी, सिंगल क्रोशे आणि खांब (डबल क्रोशे) एवढं येत असेल तर बॉबल येणारच. फक्त खांब मध्येच थांबवायची सवय करायची. एकाच टाक्यात पाच खांब अर्धवट विणायचे आणि शेवटी त्या पाचांची डोकी, म्हणजे वरची टोकं, एकत्र बांधायची. विणीवर गोल, भरीव, बोटाला जाणवणारा उंचवटा तयार होतो.

हा उंचवटा येतो कुठून, हे मात्र आधी समजून घ्या. खांब सिंगल क्रोशेपेक्षा बराच उंच असतो. त्याच्या दोन्ही बाजूंना बुटके सिंगल क्रोशे आले की त्याला ताठ उभं राहायला जागा उरत नाही. खालून पाय धरलेला, वरून डोकं ओढलेलं, मग खांब मधोमध वाकतो आणि बाहेर येतो. पाच खांब एकदम वाकले की त्यांचा गोळा होतो. म्हणजे उठाव जितका त्या पाच खांबांचा, तितकाच शेजारच्या बुटक्या टाक्यांचा. बॉबल बसका येतो तेव्हा बहुतेक जण बॉबलच पुन्हापुन्हा उसवतात, पण ढिलाई बहुतेकदा त्याच्या शेजाऱ्यात असते. पुढच्या जवळपास सगळ्या सूचना याच एका गोष्टीतून निघतात.

दोरा आणि सुई

शिकताना दोरा फिक्या, एकाच रंगाचा आणि गुळगुळीत घ्या. गडद दोऱ्यात टाक्याचं डोकं दिसत नाही, आणि बॉबलच्या ओळीनंतर तर डोकं शोधणं हीच खरी परीक्षा असते. रंग बदलत जाणारा दोरा उठावाला झाकून टाकतो. डोळा रंगाकडे जातो, सावलीकडे जात नाही. मोहेरसारख्या केसाळ दोऱ्यात गोळा विरघळल्यासारखा दिसतो, शिवाय असा दोरा उसवताना गुंततो. लोकरीला स्वतःची लवचीकता असते, त्यामुळे बॉबल फुगलेला राहतो. सुती दोऱ्यात गोळ्याची कड जास्त रेखीव दिसते, पण विणकाम जड होतं. ॲक्रिलिक हलकं आणि सरावाला उत्तम.

मध्यम जाडीच्या दोऱ्याला ५ मिलिमीटरची सुई चालते. दोऱ्याच्या लेबलवर यापेक्षा मोठी सुई सुचवलेली असेल तरी बॉबलसाठी मी अर्धा मिलिमीटर लहान सुई पसंत करते, कारण सिंगल क्रोशे घट्ट बसले तर बॉबल आपोआप उभा राहतो. हात मुळातच घट्ट असेल तर हा बदल करू नका, नाहीतर सहा लूपमधून सुई बाहेर काढताना बोटं दुखतील.

दोरा सुटा सुटा होणारा असेल तर बॉबलमध्ये त्याचा फार त्रास होतो. एकदम सहा लूपमधून जाताना सुईचं टोक एखाद्या धाग्यात अडकलं की सगळा टाका विस्कटतो. पीळ पक्का असलेला दोरा निवडा.

नावांचा घोळ आधी सोडवा

या लेखात सिंगल क्रोशे आणि खांब हे शब्द अमेरिकी पद्धतीच्या अर्थाने आहेत. सिंगल क्रोशे म्हणजे सुई घातली, दोरा ओढला, दोन लूप झाले, वेढा घेऊन दोन्हीतून काढला. खांब म्हणजे अमेरिकी डबल क्रोशे: आधी वेढा, मग सुई आत, आणि दोन-दोन लूप दोनदा काढायचे. ब्रिटिश नमुन्यांत हीच नावं एकेक पायरी सरकतात. तिथला डबल क्रोशे हा आपला सिंगल, आणि तिथला ट्रेबल हा आपला खांब. ब्रिटिश नमुना अमेरिकी समजून विणला तर नमुना बिघडतो, कारण शेजारचे डबल क्रोशे बुटके न राहता खांब होऊन बसतात. नमुन्याच्या सुरुवातीला कुठली पद्धत आहे ते दिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय साखळी घालू नका. चिन्हांचा आलेख असेल तर काळजी नाही, चिन्हं दोन्हीकडे सारखीच. आडवी रेघ मारलेल्या पाच उभ्या काड्या खाली आणि वर एकत्र मिळालेल्या दिसल्या की तो पाच खांबांचा बॉबल.

एक बॉबल, सावकाश

सुईवर आधीच्या टाक्याचा एक लूप आहे, इथून सुरुवात करा.

१. सुईवर वेढा घ्या. ज्या टाक्यात बॉबल करायचा त्याच्या डोक्यावरच्या दोन्ही धाग्यांखालून सुई घाला.

२. दोरा ओढून आणा. सुईवर तीन लूप झाले. हा लूप जरा उंच खेचा, ओळीवर चिकटून बसलेला नको.

३. वेढा घ्या आणि फक्त दोन लूपमधून काढा. सुईवर दोन लूप उरले. नेहमीचा खांब असता तर अजून एकदा वेढा घेऊन तो पुरा केला असता. तसं करू नका, इथेच थांबा. हा एक अर्धवट खांब झाला.

४. त्याच टाक्यात पुन्हा हेच करा. वेढा, सुई आत, दोरा बाहेर, वेढा, दोन लूपमधून काढा. सुईवर तीन लूप. अजून तीनदा केलं की चार, पाच आणि सहा.

५. सहा लूप आहेत ना, मोजा. आता वेढा घ्या आणि सगळ्या सहांतून एकदम काढा.

मोजण्याचा नियम सोपा आहे: जितके अर्धवट खांब, त्यापेक्षा सुईवर एक लूप जास्त. तीन खांबांच्या लहान बॉबलला चार, चार खांबांच्या बॉबलला पाच. नमुन्यात खांबांची संख्या वेगळी असली तरी पद्धत हीच.

पाचव्या पायरीवर सगळ्यांचा हात अडखळतो. सहा लूपमधून सुई जात नाही, मध्येच एखादा लूप निसटतो, जोर लावला तर दोरा फाटतो. यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही लागतात. पहिला, लूप सुईच्या जाड दांड्यावर घडू द्या. सुईच्या टोकामागच्या बारीक मानेवर लूप आवळले तर ते सुईच्या जाडीपेक्षा लहान होतात आणि मग त्यांतून टोक जाणं अशक्यच. दुसरा, दोरा पकडल्यावर सुईची खाच खाली, जमिनीकडे वळवा आणि डाव्या हाताच्या बोटांनी बॉबलचा पाया हलकेच खाली ओढून धरा. लूप ताणले जाऊन सरळ रांगेत येतात आणि सुई घसरत बाहेर येते. डावखुऱ्यांनी हात उलटे समजावेत. तरीही अडलंच तर सहा लूप एकदम काढण्याऐवजी सुई थोडी थोडी हलवत एकेक लूप टोकावरून उतरवा. त्यात काही चूक नाही, बॉबल तसाच बनतो.

काही नमुन्यांत शेवटी एक साखळी घालून बॉबल बंद करायला सांगतात. सिंगल क्रोशेच्या विणीत मी ती घालत नाही. पुढचा सिंगल क्रोशे ताणून घातला की तोच बॉबलला कुलूप लावतो, आणि पुढच्या ओळीत मोजणीचा गोंधळही होत नाही. साखळी घातलीत तर ती टाका म्हणून मोजू नका.

उलट बाजूनेच का विणायचं

बॉबल करताना तो आपल्याकडे न येता पलीकडे फुगतो. करून पाहा: ओळ पुरी झाल्यावर काम उलटवलं की गोळे दिसतात. म्हणून बॉबलची ओळ नेहमी उलट बाजू समोर असताना येते, आणि मधली साध्या सिंगल क्रोशेची ओळ सुलट बाजू समोर असताना. दोन्ही ओळींत बॉबल घातले तर विणीच्या दोन्ही अंगांना गोळे येतात. एखाद्या दुहेरी मफलरला ते शोभतं, पण एरवी नको.

टोपी किंवा पिशवीसारखं गोलाकार विणकाम न उलटवता करत असाल तर सुलट बाजू कायम समोर असते आणि बॉबल आतल्या बाजूला जातात. बोटाने ढकलून बाहेर काढता येतात, पण पुष्कळ बॉबल असतील तर प्रत्येक फेरी जोडून काम उलटवत जाणं मला जास्त खात्रीचं वाटतं.

सरावाचा नमुना

२० साखळ्या घाला.

ओळ १ (सुलट): सुईपासून दुसऱ्या साखळीत सुरुवात करून प्रत्येक साखळीत एक सिंगल क्रोशे. एकूण १९.

ओळ २ (उलट): १ साखळी, काम उलटवा. ३ सिंगल क्रोशे, मग [१ बॉबल, ३ सिंगल क्रोशे] हे चार वेळा. एकूण १९ टाके, त्यांत ४ बॉबल.

ओळ ३ (सुलट): १ साखळी, उलटवा. प्रत्येक टाक्यात एक सिंगल क्रोशे, बॉबलच्या डोक्यातही. एकूण १९.

ओळ ४ (उलट): १ साखळी, उलटवा. १ सिंगल क्रोशे, १ बॉबल, मग [३ सिंगल क्रोशे, १ बॉबल] हे चार वेळा, शेवटी १ सिंगल क्रोशे. एकूण १९ टाके, त्यांत ५ बॉबल.

ओळ ५: ओळ ३ प्रमाणे.

पुढे ओळ २ ते ५ पुन्हा पुन्हा. चौथ्या ओळीतले बॉबल दुसऱ्या ओळीतल्या बॉबलांच्या बरोबर मधल्या जागेत येतात आणि तिरक्या रेषा दिसू लागतात. रुंदी वाढवायची तर टाक्यांची संख्या ४ च्या पटीत अधिक ३ ठेवा, आणि साखळी त्याहून एक जास्त. वळण्यासाठी घातलेली १ साखळी कुठेच मोजायची नाही.

कडेच्या टाक्यात बॉबल घालू नका. त्याला एकाच बाजूला शेजारी मिळतो, दुसरीकडून धरणारं कोणी नसतं, म्हणून तो लोळतो आणि कडही वाकडी दिसते. वरच्या नमुन्यात कडेला किमान एक सिंगल क्रोशे ठेवला आहे तो यासाठीच.

तिसऱ्या ओळीला साधी म्हणून घाईने उरकू नका. बॉबलचं डोकं त्याच्या शेजारच्या डोक्यांपेक्षा जरा तिरकं बसतं आणि फुगलेला गोळा त्याला झाकतो. गोळा अंगठ्याने स्वतःकडे दाबून धरा, वर साखळीसारखी दिसणारी जोडी दिसेल. सुई तिच्याखालून घाला. सुरुवातीला बॉबल बंद होताच त्याच्या डोक्यात टाका-खूण अडकवून ठेवा. टाका-खूण नसेल तर वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडाही पुरतो. आणि प्रत्येक सुलट ओळीनंतर १९ मोजा. १८ आले तर बॉबलचं एखादं डोकं सुटलं आहे, २० आले तर एकाच बॉबलवर दोन टाके पडले आहेत. एक ओळ उसवणं सोपं असतं. सहा ओळींनंतर नमुना सरकलेला दिसला तर जीव हळहळतो.

बॉबल मनासारखा येत नसेल तर

गोळा बसका दिसतो: आधी त्याच्या मागचा आणि पुढचा सिंगल क्रोशे पाहा. ते सैल असतील तर तेच घट्ट करा. ते ठीक असतील तर पाचही खांबांची उंची सारखी आहे का ते बघा. बहुतेक हात पहिला खांब मोकळा घालतात आणि पाचव्यापर्यंत आवळत जातात, त्यामुळे गोळा एका अंगाला कलतो.

गोळा उलट बाजूला पडतो: ओळीची बाजू बरोबर असेल तर बोटाने सुलट बाजूला ढकला. शेजारचे टाके घट्ट असतील तर तो तिथेच राहतो. पुन्हा पुन्हा परत येत असेल तर सुई लहान करा.

गोळ्याच्या पायाशी भोक पडतं: पाच वेळा सुई एकाच टाक्यात गेल्याने तो टाका थोडा रुंदावणारच. पण भोक आरपार दिसत असेल तर तुम्ही बहुधा डोक्याचा एकच धागा उचलता आहात. पाचही वेळा दोन्ही धागे उचला.

गोळ्यातून सैल धागा लोंबतो: दोनच लूपमधून काढायचं असताना एक लूप सुटला. बॉबल तेवढाच उसवून पुन्हा करा, ओढून लपवू नका. धुतल्यावर तो पुन्हा बाहेर येतो.

पॉपकॉर्न आणि पफ

बॉबलची ही दोन भावंडं दुरून सारखी दिसतात आणि नमुन्यांत पुष्कळदा एकाला दुसऱ्याचं नाव दिलेलं असतं. म्हणून नावावर जाऊ नका, कृती वाचा.

पॉपकॉर्नमध्ये पाच खांब पूर्ण विणतात. मग सुईवरचा लूप थोडा लांब करून सुई काढायची, पहिल्या खांबाच्या डोक्यात पुढून मागे घालायची, सुटलेला लूप पकडून त्यातून ओढायचा आणि एक साखळी घालून आवळायचं. गोळा आपल्याकडे येतो. उलट ओळीत करायचा असेल तर सुई मागून पुढे घाला, म्हणजे तो सुलट बाजूला जाईल. पॉपकॉर्न तिघांत सगळ्यांत भरीव, आणि त्याला बुटक्या शेजाऱ्यांची गरज नसते. आख्खी वीण खांबांची असेल तर तिथे बॉबल जवळजवळ सपाट पडतो, कारण शेजारीही तेवढेच उंच. अशा वेळी बिनदिक्कत पॉपकॉर्न घ्या. बेडशीट किंवा टेबलक्लॉथच्या चौकोनांमध्ये तोच शोभतो. मात्र दर वेळी सुई काढायची असल्याने वेळ जास्त लागतो.

पफमध्ये खांबच नसतात. वेढा, सुई आत, दोरा उंच ओढा. हे त्याच टाक्यात चार वेळा केलं की सुईवर नऊ लूप होतात. वेढा घेऊन नऊंतून एकदम काढायचं आणि एक साखळीने बंद करायचं. गोळा मऊ, कापसासारखा येतो. बाळाच्या ब्लँकेटला पफ छान, पण लांब मोकळे लूप दागिन्यात किंवा नखात अडकतात, म्हणून रोज वापरायच्या पिशवीला मी तो घालणार नाही.

दोरा किती लागेल

बॉबलची वीण साध्या विणीपेक्षा दोरा जास्त खाते, आणि किती जास्त ते गोळ्यांच्या दाटीवर अवलंबून. नमुना वजन करून काढलेला हिशेब सगळ्यांत भरवशाचा. समजा तुमचा नमुना १२ सेंटीमीटर लांब-रुंद आहे, म्हणजे १४४ चौरस सेंटीमीटर, आणि वजन १४ ग्रॅम. ४० सेंटीमीटरच्या चौकोनी उशीचा एक भाग १,६०० चौरस सेंटीमीटर होतो. १,६०० ला १४४ ने भागा, १४ ने गुणा: साधारण १५६ ग्रॅम. त्यावर दहावा हिस्सा वाढवून घ्या आणि सगळे गुंडे एकाच रंग-क्रमांकाचे आणि एकाच डाय लॉटचे (एकाच वेळी रंगवलेले) घ्या. उठावदार विणीत सावलीमुळे रंगातला फरक आधीच जाणवतो, दुसऱ्या लॉटचा पट्टा लगेच डोळ्यांत भरतो.

गोळ्यांचं चित्र: एक बदाम

बॉबल एका ओळीत, मध्ये एकेक सिंगल क्रोशे सोडून घातले की त्यांतून चित्र काढता येतं. इथे आलेखाच्या कागदावरचा एक चौकोन म्हणजे दोन टाके आणि दोन ओळी. हा बदाम, म्हणजे हृदयाचा आकार, २१ टाक्यांत बसतो. २२ साखळ्या घालून ५ ओळी साध्या सिंगल क्रोशेच्या विणा. पुढे ६, ८, १०, १२, १४ आणि १६ या ओळींत बॉबल येतील, मधल्या सगळ्या ओळी साध्या.

ओळ ६: १० सिंगल, १ बॉबल, १० सिंगल.

ओळ ८: ८ सिंगल, मग बॉबल-सिंगल-बॉबल-सिंगल-बॉबल, ८ सिंगल.

ओळ १०: ६ सिंगल, एकाआड एक ५ बॉबल, ६ सिंगल.

ओळ १२ आणि १४: ४ सिंगल, एकाआड एक ७ बॉबल, ४ सिंगल.

ओळ १६: ६ सिंगल, बॉबल-सिंगल-बॉबल, ३ सिंगल, बॉबल-सिंगल-बॉबल, ६ सिंगल.

त्यानंतर ५ साध्या ओळी, एकूण २१. बदाम दोन्हीकडून सारखा असल्याने वाचायची दिशा चुकली तरी बिघडत नाही. अक्षरं विणाल तेव्हा मात्र लक्षात ठेवा: आलेख सुलट बाजूचा असतो, म्हणून उजव्या हाताने विणणाऱ्यांनी उलट ओळी डावीकडून उजवीकडे वाचायच्या. डावखुऱ्यांनी उजवीकडून डावीकडे.

बदाम वेगळ्या रंगात हवा असेल तर बॉबलच्या आधीच्या सिंगल क्रोशेचा शेवटचा वेढा नव्या रंगाने घ्या. पाच अर्धवट खांब नव्या रंगाने विणा, आणि सहा लूपमधून काढायचा वेढा पुन्हा बाकीच्या विणीच्या रंगाचा घ्या. असं केलं नाही तर बॉबलचं डोकं नव्या रंगात राहतं आणि शेजारच्या टाक्यावर ठिपका पडल्यासारखं दिसतं. मधल्या सिंगल क्रोशेंमध्ये रंगीत दोरा ओळीच्या माथ्यावर आडवा ठेवून त्याच्यावरून विणत जा, म्हणजे मागे लोंबकळणार नाही. तो किंचित सैल सोडा. ताणला तर वीण चुरगळते.

धुणं आणि आकार देणं

बॉबलवर इस्त्री फिरवू नका. गोळे चपटे होतात, आणि ॲक्रिलिक उष्णतेने कायमचं लोळागोळा होतं. लोकर किंवा सुती काम गार पाण्यात भिजवून, न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. मग सुलट बाजू वर ठेवून मऊ पाटावर किंवा जाड चटईवर पसरा आणि कडा न गंजणाऱ्या टाचण्यांनी मापात बसवा. ॲक्रिलिकवर नुसतं पाणी शिंपडलं तरी पुरे. ताण फक्त कडांना द्या. वीण सगळीकडून खेचली तर बुटके टाके सैल होतात आणि त्यांनी धरून ठेवलेले गोळे बसतात. ओलं असतानाच प्रत्येक बॉबल मागून बोटाने ढकलून गोल करून घ्या आणि पूर्ण सुकेपर्यंत टाचण्या काढू नका. वाळायला ठेवताना दोरीवर लटकवू नका. ओल्या विणीचं वजन तिला लांब ओढतं.